बिब्ब्याच्या घरात काजू

मार्च संपत आला की मांद्र्याच्या डोंगरावरून खाली उतरणाऱ्या वाऱ्याला एक गोड-आंबूस दर्प येतो. जुनसवाडा, आस्कावाडा या किनाऱ्याकडच्या वाड्यांवर तेव्हा पर्यटकांची वर्दळ अजून ओसरलेली नसते. वर कातळाच्या उतारावर मात्र गाव काठ्या घेऊन बोंडू पाडत असते. अशाच दिवसांत नागपूरकडचा एक जुना मित्र घरी उतरला होता. दुपारी आत्याने आतून हाक दिली, "चला रे, तेंडल्यांत बिब्बे घातलेत, निवतील." मित्राने हातातला तांब्या खाली ठेवला आणि मला हळूच म्हणाला, "बिब्बे? आमच्याकडे बिब्बा दुसऱ्याच्या लग्नात घालतात, भाजीत नाही."

आत्या कारवारची सून. तिच्या सासरी ओल्या काजूगरांना बिब्बेच म्हणतात. कारवारपासून थेट मंगळूरपर्यंतच्या सारस्वत स्वयंपाकघरांत तेंडली-बिब्ब्यांची उपकरी ही उन्हाळ्याची वर्दी असते. गोव्यातही हा शब्द अनोळखी नाही. मित्राचा बिब्बा मात्र तो काळा, गुळगुळीत, सुईवर टोचून दिव्यावर धरायचा. टपकलेले तेल टाचेच्या भेगेत सोडायचे, आणि चुकून कुठे भलतीकडे लागले तर अंगभर उतायचे. धोब्याच्या खुणेचा आणि दृष्ट काढण्याचा तो बिब्बा. 'बिब्बा घालणे' हा वाक्प्रचार त्याच्याच स्वभावावरून आलेला असावा: थेंब एवढासा, पण जिथे पडेल तिथे डाग आणि फोड.

भाजी त्याने दोनदा वाढून घेतली. शब्द मात्र माझ्या घशात अडकला तो अडकलाच. एकाच नावाचे दोन धनी, एक पोळणारा आणि एक पोसणारा. यातला मूळ मालक कोण आणि भाडेकरू कोण?

मालकाबद्दल तसा वाद नाही. बिब्बा इथला, सह्याद्रीपासून विंध्यापर्यंतच्या रानांतला. अमरकोशाला तो चांगला ठाऊक आहे, आणि तिथली त्याची नावे वाचताना कोशकाराने त्याच्या चिकाचा अनुभव घेतला असावा असे वाटू लागते. एक नाव अरुष्कर. 'अरुस्' म्हणजे जखम, ती करणारा तो अरुष्कर. दुसरे अग्निमुखी. तिसरे वीरवृक्ष. आणि सर्वांत रूढ ते भल्लातक. यातल्या 'भल्ल'शी आपला भाला जोडण्याचा मोह आवरत नाही. बिब्ब्याची झोंबणी ज्याने भोगली त्याला ही व्युत्पत्ती पटवून द्यावी लागणार नाही. भल्लातकापासून हिंदीतला भिलावा, गुजरातीतला भिलामो, बंगालीतला भेला हे सरळ उतरलेले दिसतात. मराठी बिब्बा आणि कोंकणी बिबो यांचे घराणे निराळे दिसते. 'भ'चा 'ब' एकवेळ समजू. पण 'ल' असा बिनबोभाट नाहीसा होत नाही.

हा बिबो निदान साडेचारशे वर्षांपूर्वी गोव्यात याच रूपात बोलला जात होता, याला छापील साक्ष आहे. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने वनौषधींवरचे आपले संवाद १५६३ मध्ये गोव्यातच छापून घेतले. त्यातला एक संवाद 'अनाकार्दो'वर आहे. अरब याला बलादोर म्हणतात, इथले लोक बिबो म्हणतात आणि आम्ही पोर्तुगीज मलाक्काची घेवडी म्हणतो, असे तो सांगतो. पुढे आणखी एक गंमत आहे. हिरवी फळे मिठात मुरवून त्यांचे 'अचार' करतात आणि आपल्याकडे ऑलिव्ह विकतात तसे ते बाजारात विकले जाते, असे त्याने लिहून ठेवले आहे. हॉब्सन-जॉब्सन या अँग्लो-इंडियन कोशाने 'अचार' शब्दाच्या नोंदीत हाच उतारा दिला आहे. म्हणजे फारसी अचाराची एक जुनी युरोपीय नोंद बिब्ब्याच्या लोणच्याची निघाली! लोणचे या आपल्या शब्दात 'लवण' उघड दिसते. ओर्ताच्या अचारातही मीठच आहे, तेल-मोहरी नाही. मित्राला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "खाणाऱ्यांचं पुढे काय झालं ते लिहिलंय का?"

मला मात्र ओर्ताच्या पुस्तकात जे नाही तेच अधिक बोलके वाटते. गोव्यात इतकी वर्षे राहिलेला, झाडापाल्याची इतकी हौस असलेला हा माणूस काजूबद्दल अवाक्षर काढत नाही. आंद्रे थेव्हे या फ्रेंच प्रवाशाने ब्राझीलमधल्या काजूचे वर्णन १५५७ च्या आपल्या पुस्तकात केले होते. पण ते झाड गोव्याच्या अंगणात ओर्ताला दिसलेले नसावे, किंवा दिसले असले तरी औषध म्हणून त्याला दाखल करून घ्यावे इतके ते जुने झालेले नसावे. ओर्ताच्या पावलावर पाऊल टाकणारा क्रिस्तोव्हाव द कोश्ता १५७८ च्या ग्रंथात काजू सांगतो, तोही कोचीनच्या बागेतला. या पंधरा वर्षांच्या फटीत, थोडे अलीकडे-पलीकडे, काजू आपल्या किनाऱ्यावर उतरला असे मानायला हरकत दिसत नाही.

उतरला तेव्हा लोकांनी काय पाहिले असेल? मांसल, रंगीत देठ. त्याच्या टोकाला उघड्यावर लोंबणारी टणक बी. बीच्या कवचात कातडी जाळणारा चीक. आणि त्या चिकाच्या आत गोड गर. हे वर्णन नीट वाचा. हे बिब्ब्याचेही वर्णन आहे. बिब्ब्याच्या काळ्या बीमागेही नारिंगी, गुबगुबीत देठ असतो आणि रानाशेजारचे लोक तो भाजून, वाळवून खातात. वनस्पतिशास्त्राने पुढे दोघांना एकाच कुळात घातले, त्यात आंबाही आला. पण कारवारच्या एखाद्या आजीबाईने हा निर्णय त्याआधीच दिलेला दिसतो. नवे झाड पाहून तिने मान डोलावली असेल: हा तर आपला बिब्बोच, फक्त परदेशात राहून जरा मऊ होऊन आलेला.

तेलुगूतही तेच झाले. तिथे 'जीडि' म्हणजे बिब्बा, आणि काजू झाला 'जीडिमामिडि', म्हणजे बिब्बा-आंबा. दोन चुलतभावांची नावे जोडून तिसऱ्याला दिली, आणि तिघेही एकाच कुळातले! एखाद्या वनस्पतिशास्त्रज्ञाला हे साधले असते तर त्याचा सत्कार झाला असता. कन्नड-तुळूत 'गेरु' हे मुळात बिब्ब्याचे नाव काजूकडे गेले. (आपल्या भिंतीवरच्या गेरूचा याच्याशी संबंध नाही, तो 'गैरिक', गिरीतला. असे सारखे दिसणारे शब्द म्हणजे व्युत्पत्तीच्या वाटेवरचे शेवाळ.)

कन्नडातला दुसरा शब्द तर थेट आपल्या घरातून उचललेला वाटावा. काजूच्या गराला तिथे 'गोडंबी' म्हणतात. आणि मराठीत गोडंबी म्हणजे? बिब्ब्यातला मगज. मोल्सवर्थचा कोशही तोच अर्थ देतो. हे मी मोठ्याने म्हटले मात्र, मित्र उठून बसला. "गोडंबी? ती तर आई डिंकाच्या लाडवात घालायची!" म्हणजे बिब्बा खात नाही म्हणणारा हा गृहस्थ लहानपणापासून बिब्बा खात आला होता, फक्त दुसऱ्या नावाने. पोळणाऱ्या भागाला एक नाव आणि पोसणाऱ्या भागाला दुसरे, ही मराठीची व्यवस्था सोयीची आहे खरी. गोडंबी या शब्दात गोड तर ऐकू येतेच, पुढे 'बी' की 'अंबी' यावर हवे तितके भांडता येईल. शब्द मराठीतून कन्नडात गेला की उलट, याचा निकाल ध्वनींवरून लागत नाही. पण अर्थाचा प्रवास बिब्ब्याकडून काजूकडे झाला हे कालक्रमच सांगतो. बेळगावच्या बाजारात एकाच दुकानाच्या एका टोकाला मराठी गोडंबी आणि दुसऱ्या टोकाला कन्नड गोडंबी मागणारे गिऱ्हाईक उभे राहिले तर दुकानदाराने काय करावे, हा प्रश्न मला अनेक दिवस पुरला आहे.

तमिळांनी वेगळाच शेजारी पकडला. त्यांची 'मुंदिरी' आज काजू. पण शेजारच्या मल्याळममध्ये मुंदिरी म्हणजे द्राक्ष, आणि तोच जुना अर्थ असावा. संस्कृत मृद्वीकेपर्यंत, म्हणजे पुन्हा द्राक्षापर्यंत, तिचा माग नेतात. तमिळ हिशेबात १/३२० या अपूर्णांकालाही मुंदिरीच म्हणतात. आपल्या पावकी-निमकीला घाबरलेल्या मुलांनी तिकडे जन्म न घेतल्याबद्दल देवाचे आभार मानावेत. मल्याळम मात्र काजूच्या झाडाला 'परंगिमावु' म्हणते, फिरंग्यांचा आंबा. बंगाली म्हणते हिजली बदाम: मेदिनीपूरच्या हिजली किनाऱ्याचे नाव आणि फारसी बादाम. प्रत्येकाने पाहुण्याला कुणाचा तरी नातलग म्हणूनच घरात घेतले.

हाच खेळ लॅटिनमध्येही झाला आणि तिथे तो जरा अन्यायाने झाला. युरोपच्या औषधांच्या दुकानांत 'अनाकार्डियम' हे शतकानुशतके आपल्या बिब्ब्याचे नाव होते. अमेरिकेतून काजू आल्यावर त्याला पश्चिमेचा अनाकार्डियम म्हणू लागले. १७५३ मध्ये लिनीयसने वनस्पतींची नावे कायम केली तेव्हा काजू झाला अनाकार्डियम ऑक्सिडेंटाले. ऑक्सिडेंटाले म्हणजे पाश्चात्त्य. पाश्चात्त्य म्हटले की पौर्वात्य कुणीतरी असणार. पण पूर्वेच्या मूळ मालकाला त्या घरात जागाच उरली नाही. १७८० च्या दशकाच्या सुरुवातीला लिनीयसच्या मुलाने बिब्ब्याला सेमेकार्पस ही नवी प्रजाती दिली आणि जुने नाव मागे शेपटासारखे ठेवले: सेमेकार्पस अनाकार्डियम. कूळकायद्याची आठवण व्हावी असा हा फेरफार. सातबारावर भाडेकरू मालक झाला आणि मालकाचे नाव इतर हक्कांच्या रकान्यात गेले.

नवे नाव मात्र मोठे देखणे आहे. ग्रीक 'सेमेइऑन' म्हणजे खूण, 'कार्पोस' म्हणजे फळ, खुणेचे फळ. धोब्याच्या खुणेवरून दिलेले हे नाव ज्या मुळातून आले, त्याच मुळातून चिन्हांच्या शास्त्राचे, सेमिऑटिक्सचे, नावही आले. पंचाच्या कोपऱ्यावर दोन ठिपके आणि एक रेघ काढणारा परीट हा चिन्हमीमांसेचा आद्य आचार्य म्हणायला हवा. त्याचे चिन्ह निदान प्रत्येक धुण्यात टिकत असे.

अनाकार्डियममधले 'कार्डिया' म्हणजे हृदय, हे कार्डिओग्राम काढून घेतलेल्या कुणालाही सांगायला नको. 'अना'चा अर्थ कुणी 'सारखा' लावतात, कुणी 'उलटा'. बिब्ब्याचा आकार पाखराच्या काळजासारखा आहे खरा, म्हणून पहिला अर्थ मला जवळचा वाटतो. पण इथे थोडे थांबू, कारण या हृदयाचे गोत मोठे आहे. ग्रीक कार्डिया आणि लॅटिन 'कोर' यांचे संस्कृत भावंड हृद् असे आपण पटकन म्हणतो. पण ध्वनीच्या नियमाने तिथे 'ह' नव्हे, 'श' यायला हवा. तो 'श' गेला कुठे? तो श्रद्धेत लपला आहे. श्रत् अधिक धा: हृदय ठेवणे. लॅटिनमध्ये हाच जोड 'क्रेदो' झाला, आणि त्यातून बँकेचे क्रेडिट. श्रद्धा आणि क्रेडिट ही सख्खी भावंडे आहेत हे हप्ते थकलेल्या माणसाला वेगळ्या अर्थाने पटेल. 'ह'चे हृद् इराणी शाखेशी जुळते: अवेस्तातले 'ज़रद्' आणि त्याचे फारसीत झालेले दिल. 'रद्'चा 'ल' झाला. ही खूण लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता ओर्ताचा बलादोर. भल्लातक इराणात गेला तेव्हा महाप्राण भ तिकडच्या तोंडाला झेपला नाही, 'त' घोष झाला, आणि फारसी बलादुर, त्यावरून अरबी बलाज़ुर घडला असे मानतात. शब्दाबरोबर औषधही गेले, आणि तिकडे त्याची एक वेगळीच कीर्ती झाली: बिब्ब्याने स्मरणशक्ती वाढते. गेरिट बॉस यांचा या विषयावरचा १९९६ चा एक लेख अलीकडे वाचनात आला आणि दोन रात्री त्यानेच खाल्ल्या. मध्ययुगातले अरब, यहुदी, युरोपीय वैद्य आणि विद्यार्थी या बिब्ब्याच्या मागे लागलेले होते. मात्रा चुकली तर वेड लागते हेही सर्वांना माहीत होते. यहुदी पाठशाळांत तर एक म्हणच होती: उजळणी कर, उजळणी कर, म्हणजे बलाज़ुरची गरज पडणार नाही. हिब्रू म्हणीच्या शेवटी आपला भल्लातक! घोकंपट्टीला इतका सुगंधी आधार दुसरा सापडणार नाही.

आणि या औषधाने एका इतिहासकाराला आडनावही दिले. नवव्या शतकात बगदादला अहमद इब्न याह्या नावाचा लेखक होऊन गेला. जग त्याला अल-बलाज़ुरी म्हणून ओळखते. बिब्बा प्याल्याने तो भ्रमिष्ट झाला आणि ८९२ च्या सुमारास वारला, असे सांगतात. प्याला तो की त्याचा आजोबा, यावर जुन्या चरित्रकारांत एकमत नाही. त्याचा मोठा ग्रंथ अरबांनी जिंकलेल्या प्रदेशांचा. आणि त्यात काय आहे? खलीफा उमरच्या काळात बहरीनच्या सुभेदाराने ठाण्यावर धाडलेल्या आरमाराची हकिकत, आणि परवानगीवाचून समुद्रात माणसे लोटल्याबद्दल खलीफाने त्याला काढलेले खरमरीत पत्र. सातव्या शतकातल्या आपल्या ठाण्याचा उल्लेख आपल्यापर्यंत पोहोचवणाऱ्या माणसाच्या नावात आपलाच बिब्बा आहे. भिलावेकर म्हणा ना त्याला.

एवढ्या सगळ्यांनी काजूला दुसऱ्याची नावे दिली, आणि मराठीने? मराठीने त्याला त्याच्याच नावाने हाक मारली. ब्राझीलच्या किनाऱ्यावरच्या तुपी लोकांचा शब्द 'अकाजू'. पोर्तुगीजांच्या तोंडी त्यातला पहिला 'अ' गळाला. त्यांच्या भाषेत 'अ' हे स्त्रीलिंगी उपपद असल्याने तो शब्दाचा अवयव नाही असे वाटून गळाला असावा. त्याच तुपींच्या 'नाना' या फळाला मात्र त्यांनी पुढे 'अ' चिकटवलेला दिसतो, आणि झाला अननस. एका पाहुण्याची टोपी काढून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवली, आणि दोघांनाही त्याच वेशात आपल्याकडे उतरवले. हे पोर्तुगीज शब्द आशियात कुठकुठे रुजले याचा पहिला मोठा हिशेब मांडला तो आमच्या नदीपलीकडच्या बार्देशातल्या आसगावच्या मोंसेन्योर सेबास्त्याव रोदोल्फो दालगाद यांनी, १९१३ मध्ये. पगार, इस्त्री, चावी, बटाटा, घमेले: त्यांच्या यादीतून फिरताना आपण बाजारातून फिरतो आहोत की घरातून, हे कळेनासे होते.

तुपी अकाजूचा दुसरा अर्थ मला पहिल्याहून प्रिय आहे: वर्ष. काजू वर्षातून एकदा येतो, म्हणून ते लोक दर हंगामाला एक बी बाजूला ठेवत आणि आपले वय बियांनी मोजत, असे ब्राझीलच्या जुन्या वर्णनांत येते. यात नवल वाटायचे कारण नाही. आपण पावसाने मोजतो. वर्ष आणि वर्षा एकच. अब्द म्हणजे 'अप्' देणारा, आधी ढग आणि मग वर्ष. आणि कुणाला गप्प बसवायचे असले की अजूनही आपण त्याच्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेले असतात. वेदांतला माणूस शंभर शरद मागत असे. त्या शरदाचा एक सख्खा भाऊ इराणी शाखेत होता, आणि मघाची खूण आठवा, हृद्-दिलसारखाच 'रद्'चा 'ल' होऊन तो झाला 'साल'. म्हणजे सालाबादप्रमाणे लिहिताना आपण शरदाबद्दलच लिहीत असतो, फक्त फारसीच्या वाटेने. तुपींचे माप घेतले तर मांद्र्यातल्या माणसाचे वय मे महिन्यात वाढायला हवे, आणि काजूने दगा दिला त्या वर्षी कुणी म्हातारे होऊ नये. पेडणे तालुक्यात मोपाच्या पठारावर २०२३ च्या जानेवारीपासून विमाने उतरू लागली. त्या बाजूच्या काजी गेल्या त्या लोकांचे वय आता कुणी कसे मोजावे, कोण जाणे.

संध्याकाळी मित्राला भाटीवर नेले. तिथे प्रत्येक भांडे एक शब्द घेऊन बसलेले असते. भाटी म्हणजे भट्टी, संस्कृत 'भ्राष्ट्र'. बोंडू तुडवून झाल्यावर गोळ्यावर दगड ठेवला की आपोआप ठिबकतो तो नीरो. संस्कृत नीर आणि तमिळ नीर यांच्यात थोरला कोण हा जुना तंटा, पण पंडितांचा कौल द्राविड बाजूला झुकलेला दिसतो. पहिल्या धारेचा हुर्राक. ओर्ताच्या काळी माडाच्या सुरेपासून काढलेल्या दारूला पोर्तुगीज 'ओर्राका' म्हणत, आणि दोन्हींच्या मुळाशी अरबी 'अरक', म्हणजे घाम. ऊर्ध्वपातनाच्या भांड्याच्या तोटीवर जमणारे थेंब पाहिले की हे नाव ठेवणाऱ्याची नजर कळते. आपला औषधातला 'अर्क' तोच. पण संस्कृतात सूर्याचा आणि रुईचा अर्क आधीपासून होता, त्यामुळे पाहुणा घरचाच वाटला. इतका, की अर्क काढण्यावरचा 'अर्कप्रकाश' हा ग्रंथ रावणाच्या नावावर आहे. अरबी घाम थेट लंकेत पोहोचला!

असेच बेमालूम सोवळे अफूलाही नेसवले गेले. ग्रीक 'ओपिऑन', अरबी 'अफ्यून', आणि आपल्या वैद्यांनी केले अहिफेन: सापाचा फेस. कल्पना इतकी सुंदर की खोटी असल्याचे वाईट वाटते. फेणीतला फेण मात्र अस्सल आहे. तयार दारू उंचावरून ओतली की वर धरणाऱ्या बुडबुड्यांवरून जाणकार तिचा कस सांगतो. त्या फेणावरून ती फेणी असावी. संस्कृतात रिठा तो फेनिल, आपल्याकडे तांदळाच्या फेण्या आणि सुतरफेणी. सासर-माहेर असे भरलेले असताना २००९ मध्ये गोव्याच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा नावाचा कुणाला खुलासा करावा लागला नसेल.

काजूचा डोंगर कुणी घ्यायचा हे ठरते पावणीत. पावणी म्हणजे लिलाव. पण लिलाव हा पोर्तुगीज 'लेइलांव', आणि त्याच्याही मागे अरबी पुकारा असावा. पावणी मात्र 'प्राप्'ची: प्राप्नोति, पावइ, पावणे. ज्याला पावली त्याची. पावती त्याच घरची, आणि देव पावतो तोही त्याच क्रियापदाने. सरकारी कागदावर आणि देवळाच्या सभामंडपात एकच शब्द बोली लावतो, हे मला पेडण्याकडचे मोठे ऐश्वर्य वाटते.

भाटीवरच्या बाईने मित्राच्या हातावर एक पिकलेला बोंडू ठेवला. बोंडू म्हणजे बोंडच, कापसाचे असते ते. तुळूत शहाळ्याला बोंड म्हणतात, तेव्हा फुगीर, भरलेले काहीतरी हा अर्थ किनारपट्टीवर जुना असावा. वनस्पतिशास्त्र म्हणते की हे फळच नव्हे, फुगलेला देठ. खरे फळ म्हणजे ती खाली लोंबणारी बी. बोंड या शब्दाने फळ असल्याचा दावा कधी केलाच नव्हता, हेही नोंदवून ठेवू. मित्राने दात रोवले आणि रस कोपरापर्यंत ओघळला, तिथून पांढऱ्या सदऱ्यावर.

त्या कवचाच्या तेलातल्या द्रव्यांना रसायनशास्त्रज्ञांनी कार्डोल, कार्डानोल अशी नावे दिली आहेत. मोटारींच्या ब्रेकच्या अस्तरात ते वापरतात. वाटेत उतारावर गाडी आवळून धरताना मित्राला मी हे सांगितले, की बघ, आपण आत्ता बिब्ब्याच्या नावावर थांबलो. त्याचे लक्ष सदऱ्याकडे होते.

दुसऱ्या दिवशी म्हापशात एका दुकानात तो धुवायला टाकला. तिथे हल्ली बिब्ब्याची खूण करत नाहीत. कॉलरला आकडा लिहिलेला कागदाचा चिटोरा टाचून देतात. सदरा परत आला तेव्हा चिटोरा वाटेत कुठे तरी गळून पडला होता, दुकानदार गठ्ठ्यात कुणाचा कोणता म्हणून शोधत बसला होता. मित्राने पुढे होऊन पोटावरचा तपकिरी डाग दाखवला. "हा माझा," तो म्हणाला.